त्वचा, प्रसाधने आणि चिकित्सक बुद्धी



स्मरणिकेमध्ये चेहऱ्याला लावायच्या मलमांवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. तो रास्त आहे. परंतु आज आपल्या घरांतून, वसतिगृहांतून आणि महाविद्यालयांतून तरुण मुलामुलींचा किती पैसा या वस्तूंवर जातो याचा हिशेब मांडून पाहावा. दरमहा तीनशे रुपयांचे प्रसाधन घेणारी विद्यार्थिनी वर्षाला ३,६०० रुपये आणि पाच वर्षांत १८,००० रुपये खर्च करते. पैसा गेला तर पुन्हा मिळविता येईल. परंतु चुकीच्या मलमामुळे चेहरा कायमचा बिघडतो, काहींचे मूत्रपिंड निकामी होऊ लागते, आणि ‘माझा रंग वाईट आहे’ ही समजूत मनात घर करते. हे नुकसान सहज भरून येत नाही. म्हणून या विषयाचा डोळसपणे विचार व्हावा, असे आम्हांला वाटते.

कालामांना दिलेला उपदेश

कोसल देशातील केसपुत्त या गावी कालाम लोकांनी भगवान बुद्धांपुढे आपली अडचण मांडली होती. अनेक आचार्य गावात येतात, प्रत्येकजण आपलेच मत खरे म्हणतो व दुसऱ्याचे खोटे ठरवितो, तेव्हा आम्ही विश्वास कोणावर ठेवायचा? अंगुत्तरनिकायातील हे सुत्त आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा भारदस्त दिसतो म्हणून, किंवा तो आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, असे तथागतांनी त्यांना सांगितले. तिचा परिणाम हिताचा की अहिताचा हे पाहा, जाणत्या लोकांनी ती निंद्य मानली आहे की प्रशंसनीय, हेही पाहा, आणि मग ठरवा.

आजचा ग्राहक त्या कालामांच्याच जागी उभा आहे. दूरदर्शन संचावरची नटी एक सांगते, मोबाइलवरच्या चित्रफितीतील मुलगी दुसरेच सांगते, पार्लरवाली ताई तिसरे आणि औषध दुकानातील मुलगा चौथे. प्रत्येकाचे बोलणे ठाम असते. त्यांपैकी बहुतेकांचा त्या विक्रीत काही ना काही वाटा असतो, हे मात्र आपल्याला सांगितले जात नाही. मोबदला घेऊन वस्तूची शिफारस करणाऱ्याने तसे स्पष्टपणे जाहीर केले पाहिजे, अशी मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये दिली आहे. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारावा की, सांगणाऱ्याला पैसे कोणी दिले?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘मी स्वतः वापरून पाहिले, मला गुण आला’ एवढ्याने कालामसुत्ताची कसोटी पुरी होत नाही. मुरूम येतात आणि बऱ्याच वेळा आपोआप जातात. त्या सुमारास जे मलम लावले असेल त्याला श्रेय मिळते. काही मलमे पहिल्या पंधरा दिवसांत सुंदर परिणाम दाखवितात आणि सहा महिन्यांनी चेहऱ्याची वाट लावतात. तात्काळ वाटणारे सुख आणि अंती होणारे हित यांतला भेद बुद्धांनी वारंवार दाखविला आहे. प्रसाधनांच्या बाबतीत तो अक्षरशः खरा आहे.

रंगाचा बाजार

गोरे करण्याचा दावा करणारे आपल्या देशातील सर्वांत प्रसिद्ध मलम ‘फेअर अँड लव्हली’ हे १९७५ साली बाजारात आले. पुढे २००५ साली पुरुषांसाठीही तशीच मलमे निघाली. सावळ्या मुलीला नोकरी मिळत नाही, तिचे लग्न जुळत नाही, आणि मलम लावताच सगळे जुळून येते, अशा जाहिराती पाहत आपल्या दोन पिढ्या वाढल्या. गडद रंगाच्या माणसाला कमी लेखणाऱ्या जाहिराती करू नयेत, असा नियम भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ साली केला. २०२० साली, वर्णभेदाविरुद्ध जगभर आवाज उठल्यानंतर, या मलमाच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द जाऊन तेथे ‘ग्लो’ आला. नाव बदलले. परंतु बाजारात आज ‘उजळपणा’, ‘तेज’, ‘काचेसारखी त्वचा’ या शब्दांआडून बहुतांशी तोच माल विकला जातो.

त्वचेचा मूळ रंग मेलॅनिन या द्रव्यावर अवलंबून असतो आणि तो जन्माने येतो. उन्हाने काळवंडलेली त्वचा काही काळाने पूर्ववत होऊ शकते, डाग फिके होऊ शकतात. परंतु मूळ रंगच कायमचा आणि निर्धोकपणे बदलून देणारे प्रसाधन आजवर कोणी सिद्ध केलेले नाही. मेलॅनिन हा दोषही नव्हे. आपल्या उन्हाच्या देशात ते त्वचेचे संरक्षण करते.

मज्झिमनिकायातील अस्सलायन सुत्त या संदर्भात आवर्जून वाचावे. ब्राह्मण वर्ण तेवढा शुक्ल आणि बाकीचे कृष्ण, असा दावा अस्सलायन हा तरुण ब्राह्मण तेथे मांडतो. त्याला उत्तर देताना बुद्ध जे अनेक दाखले देतात त्यांत एक स्नानाचा आहे. स्नानचूर्ण घेऊन नदीवर जाऊन अंगाचा मळ धुणे केवळ ब्राह्मणालाच जमते की कोणालाही जमते? मळ कोणाच्याही अंगावर बसतो आणि कोणाच्याही अंगावरून निघतो. रंग आणि मळ या वेगळ्या गोष्टी आहेत. गोरेपणाच्या जाहिरातींनी मात्र रंगालाच मळ ठरविले.

दोन मोठे धोके

पहिला धोका स्टेरॉइडयुक्त मलमांचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही औषधे इसब, सोरायसिस अशा रोगांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपयोगी आहेत. परंतु हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन या तिन्हींचे मिश्रण असलेली मलमे ‘गोरे होण्याची क्रीम’ म्हणून वर्षानुवर्षे दुकानातून सहज मिळत आली. आठवडाभरात चेहरा उजळतो, म्हणून माणूस खूश होतो. पुढे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्यांच्या लाल रेषा दिसू लागतात, मुरूम आणि लव वाढते. मलम थांबविले की चेहरा लाल होऊन आग होते, म्हणून पुन्हा तेच मलम लावले जाते. एखाद्या व्यसनासारखीच ही गत असते.

२०११ साली भारतातील १२ केंद्रांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे शंभरातील सुमारे पंधरा, चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांना ते डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने सुचविले होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडे ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणे हा गुन्हा आहे. तरीही नायट्यासाठी, गजकर्णासाठी ‘ती नेहमीची ट्यूब द्या’ म्हणून आपण मागतो आणि दुकानदार देतो. स्टेरॉइडमुळे नायट्याची खाज दबते, पण बुरशी मात्र पसरत जाते. जे कोणी असे मलम बरेच महिने लावत असतील त्यांनी ते लपवू नये. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि त्यांच्या सल्ल्याने ते सोडावे.

दुसरा धोका पाऱ्याचा. पारा मेलॅनिन तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून त्वचा लवकर फिकी होते. परंतु तो त्वचेवाटे शरीरात जातो आणि मूत्रपिंडाची गाळणी बिघडवितो. केरळमधील मलप्पुरम् जिल्ह्यात कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या २२ रुग्णांची नोंद केली. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक दुर्मीळ प्रकार आढळला, आणि या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाचे मलम वापरल्याचे सांगितले. मलम थांबविल्यावर बहुतेकांची प्रकृती सुधारली. हे दूर केरळात घडले म्हणून निश्चिंत राहू नये. आपल्या विदर्भातील अकोला येथेही एका कुटुंबातील स्त्रियांना असाच त्रास झाला आणि मलमात पारा सापडला, असे २०२३ साली वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते.

भारताच्या २०२० सालच्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार प्रसाधनांत पारा घालण्यास बंदी आहे. म्हणून जे बनविणारे तो घालतात ते डबीवर लिहीत नाहीत. काही खुणा मात्र लक्षात ठेवाव्यात. डबीवर उत्पादकाचा पत्ता वा परवाना क्रमांक नाही. परदेशी लिपीत मजकूर आहे, पण आयात करणाऱ्याचे नाव नाही. ‘सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना आहे. आणि आठ दिवसांत रंग उजळतो. असे मलम घरात ठेवू नये. ज्या व्यक्तीने ते लावले तिच्या टॉवेल-उशीतून घरातील तान्ह्या मुलापर्यंतही पारा पोहोचू शकतो. पायावर, डोळ्यांभोवती सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर डॉक्टरांना मलमाची गोष्ट न विसरता सांगावी.

विषाचा व्यापार उपासकाने करू नये, असे बुद्धांनी सांगितले आहे. आपल्यापैकी काही भगिनी पार्लर चालवितात, काही बंधू औषधांची दुकाने चालवितात. सुट्या डबीतले बिननावाचे मलम विकणे हे सम्यक आजीविकेत बसत नाही, हे त्यांना आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो.

पुरावा कसा ओळखावा?

‘डॉक्टरांनी तपासलेले’, ‘वैज्ञानिक कसोटीवर उतरलेले’, ‘शंभरातील नव्वद स्त्रियांना फरक जाणवला’ ही वाक्ये डबीवर असतात. शेवटच्या वाक्याचा अर्थ बहुधा इतकाच असतो की, काही स्त्रियांना फुकट मलम देऊन त्यांचे मत विचारले. मत म्हणजे मोजमाप नव्हे. खरी परीक्षा अशी असते: माणसांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात. एका गटाला औषधी घटक असलेले मलम देतात, दुसऱ्याला हुबेहूब तसेच दिसणारे, पण तो घटक नसलेले. कोणाला काय मिळाले हे लावणाऱ्याला व तपासणाऱ्यालाही ठाऊक नसते. शेवटी दोन्ही गटांतील फरक मोजतात. आमच्या विद्यार्थी मित्रांनी कोणत्याही वस्तूविषयी हे पाच प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी:

१. हे कोण सांगतो आणि त्याला यातून काय मिळते?
२. तुलना कशाशी केली, की तुलनाच केली नाही?
३. किती माणसांवर आणि किती दिवस पाहिले?
४. आपल्यासारख्या रंगाच्या त्वचेवर पाहिले काय?
५. अपाय कोणते आणि वापर थांबविल्यावर काय होते?

उपयोगी पडणाऱ्या वस्तू

या प्रश्नांतून पार पडणाऱ्या वस्तू थोड्या आहेत आणि त्या बहुधा स्वस्त आहेत. कोरड्या त्वचेला व पायांच्या भेगांना साधी पेट्रोलियम जेली उत्तम काम करते. अंग किंचित ओले असतानाच ती लावावी. हातापायांच्या कोरडेपणावर खोबरेल तेलही गुणकारी आहे, मात्र मुरुमांच्या चेहऱ्यावर ते लावू नये. चेहरा दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुणे पुरेसे आहे. घासल्याने रंग जात नाही, उलट डाग पडतात. लिंबाचा रस, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा चेहऱ्याला लावू नये.

वांग आणि काळे डाग यांवर पहिला उपाय म्हणजे उन्हापासून बचाव. छत्री, टोपी, ओढणी यांना खर्च जवळपास नाही. सनस्क्रीन घ्यायचेच तर ‘एसपीएफ ३०’ पुरते. ते सूर्याचे जाळणारे किरण सुमारे ९७ टक्के अडविते, ‘५०’ चे सुमारे ९८ टक्के. म्हणजे आकडा मोठा झाला तरी फरक थोडाच. फरक पडतो तो प्रमाणाने. बोटाच्या टोकावर घेतलेला ठिपका पुरत नाही. चेहरा व मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके लागते आणि घाम आल्यावर पुन्हा लावावे लागते. वांगावर दृश्य प्रकाशाचाही परिणाम होतो, म्हणून आयर्न ऑक्साइड घातलेले रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी ठरते.

मुरुमांवर बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि अॅडापॅलीन यांचे पुरावे भक्कम आहेत, मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने वापर करावा. अॅडापॅलीन गरोदरपणात लावू नये. निअॅसिनामाइडने डाग काहीसे फिके होतात, पण दोन-तीन महिने धीर धरावा लागतो. कोणतीही नवी वस्तू आधी हाताच्या आतल्या बाजूस नाण्याएवढ्या जागेवर आठ-दहा दिवस लावून पाहावी. एका वेळी एकच नवी वस्तू घ्यावी. चार एकदम घेतल्या तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हे कळत नाही.

घरगुती यंत्रे

मलमांपाठोपाठ आता घरी वापरायची यंत्रे आली आहेत. त्यांची किंमत हजारांत असते, म्हणून विचार अधिक करावा.

प्रकाशाचे झोत टाकून केस काढणारी ‘आयपीएल’ यंत्रे कशी चालतात? केसातील मेलॅनिन प्रकाश शोषून तापते आणि केसाच्या मुळाला इजा होते. याचाच अर्थ, त्वचा फिकी आणि केस काळा असेल तेथे यंत्र सर्वांत चांगले चालते. गडद त्वचेतील मेलॅनिनही तोच प्रकाश शोषते, आणि मग भाजून काळे वा पांढरे डाग पडतात. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत त्वचेच्या रंगांचा तक्ता असतो आणि सर्वांत गडद रंगांसाठी ‘वापरू नये’ असे लिहिलेले असते. जाहिरातीत मात्र ते सांगत नाहीत. ज्या अमेरिकन वर्गीकरणावर हे तक्ते आधारलेले आहेत ते १९७५ साली फिट्झपॅट्रिक यांनी प्रथम केवळ गोऱ्या त्वचेसाठी केले होते. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे प्रकार त्यात नंतर जोडले गेले. ‘कोणाच्या त्वचेवर पाहिले?’ हा चौथा प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे यावरून कळावे. शिवाय चेहऱ्यावर अशा प्रकाशाने काही स्त्रियांची लव उलट वाढते. ज्या मुलीला हनुवटीवर दाट केस येतात आणि पाळीही अनियमित आहे, तिने यंत्र घेण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. तेथे उपचार संप्रेरकांवर करावा लागतो.

लाल-निळ्या दिव्यांच्या मुखवट्यांचा मुरुमांवर काही उपयोग होतो असे छोट्या प्रयोगांत दिसले आहे. परंतु हे प्रयोग थोड्या माणसांवर व थोड्या दिवसांचे आहेत. निळ्या प्रकाशाने गडद त्वचा आणखी काळवंडू शकते, म्हणून वांग असलेल्यांनी जपावे. अशा यंत्रांवर अमेरिकेच्या ‘एफडीए’चे नाव झळकते. तेथील ‘क्लिअर्ड’ या शब्दाचा अर्थ बहुधा एवढाच की, हे यंत्र आधीपासून विकल्या जाणाऱ्या दुसऱ्या यंत्रासारखे आहे. नव्या औषधाला द्यावा लागतो तसा पुरावा त्याने दिलेला असतोच असे नाही.

सुयांचे रोलर घरी वापरू नयेत. जंतुसंसर्ग होतो, व्रण उठतात, आणि एकाचा रोलर दुसऱ्याने वापरला तर रक्तातून पसरणारे रोग होऊ शकतात. काळे ठिपके ओढून काढणाऱ्या यंत्राने त्वचेखाली रक्त साकळते. दगडी रोलरने सूज घटकाभर उतरते, एवढेच.

फसवणूक झाली तर

घेताना पावती घ्यावी आणि डबी फेकू नये. डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची व मुदत संपण्याची तारीख आणि घटक असलेच पाहिजेत. आयात मालावर नोंदणी क्रमांक व आयातदाराचे नाव हवे. शंका आल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करावी. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे. एकटा माणूस काय करणार, असे समजू नये. दिल्लीतील एका ग्राहकाने २०१३ साली ७९ रुपयांची गोरेपणाची ट्यूब घेतली, गोरेपणा आला नाही म्हणून दाद मागितली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तेथील जिल्हा ग्राहक आयोगाने दिशाभूल करणारी जाहिरात केल्याबद्दल कंपनीला साडेचौदा लाख रुपये ग्राहक कल्याण निधीत भरण्याचा आदेश दिला.

आपल्या घरातील प्रश्न

हे सर्व लिहिल्यावर एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. मुली ही मलमे केवळ जाहिरात पाहून घेत नाहीत. लग्नाच्या परिचयपत्रात ‘रंग’ हा रकाना असतो, त्यात ‘गोरी’ किंवा ‘निमगोरी’ लिहिण्याची धडपड असते, आणि बघायला येणारी मंडळी घरी जाऊन ‘मुलगी शिकलेली आहे, पण सावळी आहे’ असे म्हणतात. हे आपल्या समाजातही घडते. वर्णव्यवस्था नाकारून आपण धम्मात आलो आणि वर्णाचा रकाना मात्र जपून ठेवला, ही विसंगती आहे.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या मायभगिनींना सांगितले होते की, ज्या पेहरावावरून आणि दागिन्यांवरून जात ओळखू येते ते टाकून द्या, स्वच्छ राहा, स्वाभिमानाने राहा. त्यांनी स्वच्छता सांगितली, रंग बदलायला सांगितले नाही. नीटनेटके राहणे, त्वचेची निगा राखणे, आवडीने पावडर-कुंकू करणे यांत गैर काहीच नाही. पण आपल्या शरीराची लाज वाटून विष लावून घेणे हे त्या शिकवणीच्या विरुद्ध आहे.

म्हणून आमची दोन मागणी आहेत. ठिकठिकाणच्या वधू-वर परिचय मेळाव्यांच्या अर्जांतून ‘रंग’ हा रकाना कार्यकर्त्यांनी याच वर्षी काढून टाकावा. आणि प्रत्येक महिला मंडळाने वर्षावासातील एका रविवारी घरातील मलमांच्या डब्या आणून, त्यांवरील मजकूर सर्वांसमोर वाचून, वरचे पाच प्रश्न विचारावेत. ज्या डब्या उत्तर देतील त्या ठेवाव्यात. बाकीच्यांवर जाणारा पैसा मुलांच्या पुस्तकांवर खर्च करावा.

अत्त दीप भव हे आपण नित्य म्हणतो. आरशापुढे उभे असतानाही ते आठवावे.

जयभीम! नमो बुद्धाय!